नाडी सगळेच बघतात, श्वास कोण मोजतो?



गळीत हंगामात बॉयलरवरचा माणूस ठरल्या वेळी वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी बघून वहीत लिहितो. दाब सहसा एकदम पडत नाही. आधी थोडा उतरतो, मग आणखी थोडा. वही वाचणारा जागा असेल तर मिल थांबायच्या आत काहीतरी करता येते.

माणसाच्या शरीराचेही असेच आहे. दवाखान्यात कुणी दगावले की आपण म्हणतो, "सांजच्याला चांगला बोलत होता, रात्रीत एकाएकी गेला." हे 'एकाएकी' पुष्कळदा खरे नसते. अमेरिकेत मियामीच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांनी, दाखल असताना हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांचे कागद तपासले आणि १९९० साली ते छापले. त्यांतल्या ५४ जणांची प्रकृती ढासळत असल्याची किंवा नव्या तक्रारीची नोंद आधीच्या आठ तासांत झालेली होती. म्हणजे वही लिहिली होती, वाचली गेली नव्हती.

यावर इंग्लंडात ग्रेट यारमथच्या जेम्स पॅजेट रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९७ साली एक साधा उपाय मांडला. (हा नॉरफॉक परगणा म्हणजे आपल्याच धंद्यातला. तिथे बीटाची साखर होते, आणि जवळच कँटलीला १९१२ सालचा साखर कारखाना आहे. असो.) उपाय असा, की प्रत्येक मोजमापाला गुण द्यायचे. नेहमीसारखे असेल तर शून्य, जितके बिघडले तितके एक, दोन, तीन. मग बेरीज करायची. पुढे २०१२ साली तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने देशभरासाठी एकच तक्ता केला आणि २०१७ साली तो सुधारला. त्यात सहा गोष्टी बघतात : श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन, वरचा रक्तदाब, नाडी, ताप आणि शुद्ध. बेरीज पाच झाली की डॉक्टरने तातडीने बघायचे. सात झाली की धावपळच. सोळा वर्षांखालील मुले आणि गरोदर बाया यांना हा तक्ता लावत नाहीत.

बेरजेचा फायदा काय? समजा, उसाच्या बुडख्याने पायाला जखम झालेला, मधुमेह असलेला एक साठीचा शेतकरी आहे. ताप १०१, नाडी १०४, वरचा रक्तदाब १०८, ऑक्सिजन ९५, श्वास मिनिटाला २२. माणूस शुद्धीवर आहे, चहा मागतो आहे. यांतला एकही आकडा घरच्यांना घाबरवणारा नाही. पण श्वासाचे दोन आणि बाकीच्या चारांचा एकेक, अशी बेरीज सहा होते. जखमेतला जंतुसंसर्ग रक्तात उतरत असण्याची शंका इथेच घ्यावी लागते. सकाळी बघू म्हणायची ही वेळ नव्हे.

या सहांत सर्वांत दुर्लक्षित श्वास आहे. रक्तदाबाला यंत्र आहे, ऑक्सिजनला बोटावरचा चिमटा आहे. तो तर कोरोनाच्या साथीत घरोघर आला. श्वासाला मात्र घड्याळ आणि एक मिनिटाची सवड लागते, आणि तीच कुणाला नसते. वास्तविक, शरीर अडचणीत आले की अगदी आधी बहुधा भाता जोरात चालू लागतो. ऑक्सिजन कमी पडला किंवा रक्तात आम्ल वाढले की शरीर श्वास वाढवून ते भरून काढू बघते. त्याच वेळी रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोरात पळते, म्हणून रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो. तो घसरतो तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. तरण्या माणसाचा तर आणखी उशिरा घसरतो. तेव्हा "बीपी नॉर्मल आहे" एवढ्यावर निर्धास्त होऊ नये, असे आमचे मत आहे.

मोजायचे कसे? रोगी शांत बसला किंवा पडला असताना, त्याला न सांगता. सांगितले की माणूस श्वास बदलतो. नाडी बघितल्यासारखा मनगटावर हात ठेवा आणि नजर छाती-पोटावर. एकदा वर आणि एकदा खाली, हा एक श्वास. पुरते एक मिनिट. मोठ्या माणसाचे १२ ते २० ठीक. २५ आणि वर गेले तर त्या एकट्यालाच तीन गुण आहेत, म्हणजे बेरजेची वाट न बघता दाखवायचे.

लहान पोरांचे माप वेगळे. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४०. खोकला असून श्वास इतका किंवा जास्त असेल तर न्यूमोनिया समजून लगेच दवाखाना. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी हेच खेड्यातल्या माणसांना शिकवले. पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन केले : दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू त्या गावांत घटले, हे १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आपल्या फडावरच्या कोप्यांतून हिवाळ्यात किती पोरे खोकत असतात ते मुकादमांना विचारा.

शुद्धीची पारख मात्र घरच्यांइतकी नर्सलाही जमत नाही. कालपर्यंत नीट बोलणारे आबा आज भलतेच काही बोलू लागले, तर "वयच झालंय आता" म्हणून सोडू नका. नव्याने झालेल्या अशा गोंधळाला २०१७ च्या तक्त्यात तीन गुण आहेत. इंग्लंडात मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ साली रुग्णालयात जंतुसंसर्गाने गेली. आईवडील काळजी बोलून दाखवत होते. त्यानंतर २०२४ पासून तिथल्या अनेक रुग्णालयांत नातेवाइकांना दुसऱ्या पथकाकडून तातडीची तपासणी मागता येऊ लागली.

तक्ता रोगाचे नाव सांगत नाही, आणि गुण कमी म्हणून सगळे आलबेल असेही नाही. छातीत कळ आली, पान लागले, तर मोजत बसू नका, निघा. ऑक्सिजनचा चिमटाही गार पडलेल्या बोटावर चुकतो.

१०८ ला किंवा डॉक्टरांना फोन करताना "लई सीरियस हाय, लवकर या" एवढेच सांगू नका. "सकाळी आठला श्वास १८ होता, आता २६ आहे, आणि माणूस नीट ओळखत नाही," असे सांगा. त्यासाठी आधीचा आकडा हवा, म्हणून आजारी माणूस घरात असला की सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवा. ऊस वजनाच्या पावतीच्या मागे लिहिले तरी चालते. वेळ तेवढी घाला.