रविवारचा सिनेमा आणि घरातली चर्चा

सिनेमा म्हटला की आपल्याकडे दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणजे सिनेमाने मुले बिघडतात. दुसरे म्हणजे दिवसभर राबून आलेल्या माणसाने दोन घटका करमणूक केली तर बिघडले कुठे? दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे. परंतु याला तिसरीही बाजू आहे. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून सिनेमा पाहिला आणि नंतर त्यावर चार शब्द बोलले, तर एरवी घरात न निघणारे विषय निघतात. गेल्या तीन रविवारी आमच्या घरी असेच झाले.

आमचा धाकटा नववीत आहे. त्याला रहस्यपट आणि विज्ञानपट यांचे भारी वेड. थोरली लेक बारावीत आहे. अभ्यासातून आठवड्याला एक सिनेमा पाहायचा, तोही जेवणे आटोपल्यावर, असा आमचा करार ठरला. सासूबाई, हे, मी आणि दोन्ही मुले, असे पाच प्रेक्षक.

पहिला सिनेमा होता ‘दृश्यम’. मोहनलालचा मूळ मल्याळम सिनेमा २०१३ साली आला. आम्ही पाहिला तो २०१५ चा हिंदी, अजय देवगण आणि तब्बूचा. त्याचे दिग्दर्शक निशिकांत कामत म्हणजे ‘डोंबिवली फास्ट’ करणारे आपले मराठी कलावंत. २०२० साली ते गेले. गोष्ट गोव्यातली आहे. चौथीही पास न झालेला, केबलचा धंदा करणारा एक बाप. एक बड्या घरचा मुलगा त्याच्या थोरल्या मुलीचे आंघोळ करतानाचे चित्रण मोबाइलवर करतो आणि धमकावू लागतो. झटापटीत त्या मुलाचा जीव जातो. मुलाची आई पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर. मग हा बाप बसची तिकिटे, हॉटेलचे बिल, सिनेमाची तिकिटे यांच्या आधारे आपण त्या दिवशी गावात नव्हतोच, असे सर्वांच्या मनावर ठसवतो. पुढचे सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांची मजा जाईल.

सासूबाई म्हणाल्या, “लेकरासाठी बाप काय करणार नाही?” ह्यांना ते पटले नाही. “पोरांना खोटं बोलायला शिकवलं त्यानं,” असे ह्यांचे म्हणणे. धाकट्याला त्या बापाची हुशारी आवडली. शाळेत न शिकलेला माणूस नुसते सिनेमे पाहून शिकल्यासवरलेल्या अधिकाऱ्यांना पुरून उरतो, हे पाहून आपल्यासारख्या साध्या माणसांना बरे वाटतेच. पण माझे मन दुसऱ्याच गोष्टीत अडकले होते. त्या मुलीने पहिल्याच धमकीच्या वेळी घरी सांगितले असते तर? तिला लाज वाटली. वास्तविक लाज वाटायला हवी ती चित्रण करणाऱ्याला.

मी त्याच रात्री लेकीला स्पष्ट सांगितले, असे काही झाले तर आधी आईला सांगायचे, आई रागावणार नाही. वाचक भगिनींनीही हे आपल्या मुलींना सांगून ठेवावे. बाईचे तिच्या नकळत असे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरल्यास किमान १ वर्षाची कैद आहे. मोबाइल किंवा इंटरनेटवरून होणाऱ्या गुन्ह्यांची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते. सिनेमातल्या बापाने कायद्यावर विश्वास ठेवला नाही, कारण समोरची बाई साहेब होती. गरिबाला पोलीस ठाण्याची पायरी चढताना काय वाटते, ते आपल्याला ठाऊक आहे. तरीही प्रेत लपवण्यापेक्षा ती पायरी चढणे बरे, असे माझे मत आहे.

दुसऱ्या रविवारी लेकीच्या पसंतीचा ‘गॅटाका’ लावला. १९९७ सालचा हा इंग्रजी सिनेमा, दिग्दर्शक अँड्र्यू निकोल. लेक मध्ये मध्ये थांबवून आम्हाला अर्थ सांगत होती. उद्याच्या जगात श्रीमंत माणसे आपली अपत्ये प्रयोगशाळेत निवडून जन्माला घालतात. रोग नको, चष्मा नको, सगळे कसे उत्तम. जी मुले नेहमीसारखी जन्मतात, त्यांच्या नशिबी झाडूपोछा. व्हिन्सेंट हा असाच एक. जन्मताच त्याच्या रक्ताचा थेंब तपासून सांगतात, याचे हृदय दुबळे आहे, हा साधारण तीस वर्षे जगेल. त्याला मात्र अंतराळात जायचे असते. ज्या संस्थेतून याने उडतात तिथे तो सफाई कामगार म्हणून लागतो. शेवटी तो जेरोम नावाच्या एका अपंग झालेल्या ‘उत्तम’ माणसाचे रक्त, लघवी, केस वापरून, त्याच्या नावाने आत शिरतो. तिथे मुलाखत अशी नाहीच. लघवी तपासली की नोकरी पक्की! उड्डाणाच्या आठवडाभर आधी संस्थेत एक खून होतो, आणि पोलिसांना व्हिन्सेंटच्या पापणीचा एक केस सापडतो. तेव्हापासून शेवटपर्यंत जीव टांगणीला लागतो.

या सिनेमात एक गोष्ट येते. असा भेदभाव करण्याला त्या जगातही कायद्याने बंदी आहे, पण तो कायदा कोणी मनावर घेत नाही. हे ऐकल्यावर लेकीने टीव्ही थांबवला आणि थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आई, क्लासमधली एक मुलगी मला म्हणाली, तुला कशाला एवढा अभ्यास, तुमच्यात तर बसल्या जागी सीट मिळते.” ही गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची. दोन महिने पोरीने मनात ठेवली होती. पहाटे चारला उठून अभ्यास करते ते आम्ही पाहतो, पण तिच्या मार्कांकडे न पाहता जन्माकडे पाहणारी माणसे आजही आहेत, हे तिने एकटीने सोसले.

ह्यांनी तिला इतकेच सांगितले, “त्या व्हिन्सेंटला बघ. पोहण्याच्या शर्यतीत तो धडधाकट भावाला कसा हरवतो? परत यायला ताकद शिल्लक ठेवत नाही म्हणून.” मी म्हटले, पुन्हा कोणी बोलले तर गप्प बसू नकोस, आणि घरी येऊन सांग. त्या रात्री लेक निवांत झोपली.

हे केवळ कल्पनेतले आहे, असे मानू नये. माणसाच्या जनुकांचा नकाशा तयार करण्याचे काम १९९० ला सुरू होऊन २००३ ला पूर्ण झाले. जनुके पाहून नोकरी किंवा आरोग्य विमा नाकारू नये, असा कायदा अमेरिकेला २००८ साली करावा लागला. आणि पोटातले मूल निवडण्याची गोष्ट आपल्याला नवी आहे काय? गर्भातली मुलगी ओळखून पाडण्याला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली कायदा केला. यंत्र चांगले की वाईट, हे ते कोणाच्या हाती आहे यावर ठरते.

तिसरा सिनेमा ‘स्नोपियर्सर’, २०१३ सालचा. दिग्दर्शक बाँग जून-हो, ज्यांच्या ‘पॅरासाइट’ला २०२० साली ऑस्कर मिळाले. पृथ्वी बर्फाने गोठली आहे आणि उरलेली माणसे एका न थांबणाऱ्या आगगाडीत राहतात. पुढच्या डब्यांत मेजवान्या, शेवटच्या डब्यात किड्यांपासून केलेल्या वड्या. एक बाई शेवटच्या डब्यातल्या लोकांना बजावते, टोपी डोक्यावर आणि बूट पायात, आणि तुम्ही बूट आहात. सासूबाई चटकन म्हणाल्या, “हे तर आपल्याकडचंच झालं!” त्यांना शाळा मिळाली नाही, पण समजायचे ते समजले. जातीमुळे केवळ कामांची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी होते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडले होते. त्या गाडीत नेमके तेच दिसते. पुढचे डबे जिंकायला निघालेल्यांत एक जण असाही आहे, की ज्याला इंजिन नको, गाडीबाहेर जायचे दार हवे आहे. मला तोच सर्वांत शहाणा वाटला. मात्र यात मारामारी आणि रक्तपात फार आहे. आम्ही धाकट्याला अर्ध्यावरून झोपायला पाठवले. लहान मुलांना हा सिनेमा दाखवू नये.

तीनही सिनेमांत ‘गॅटाका’ आमच्या घरी पहिला आला. ‘दृश्यम’ दुसरा. ‘स्नोपियर्सर’ला सासूबाईंचे एक मत जास्त पडले, पण तो मोठ्यांसाठीच.

वाचकहो, मुले मोबाइलवर एकटी बसून काय काय पाहतात, याची आपण नुसती काळजी करतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा त्यांच्या शेजारी बसावे. सिनेमा संपल्यावर लगेच उठू नये. यात अन्याय कोणावर झाला? तू तिथे असतास तर काय केले असतेस? एवढे दोनच प्रश्न विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. आमच्या लेकीच्या मनातले दोन महिन्यांचे दुखणे असेच बाहेर आले.

पुढच्या रविवारी पाळी धाकट्याची आहे. आपल्या घरी कोणता सिनेमा पाहिला आणि त्यावर काय बोलणे झाले, ते वाचकांनी जरूर कळवावे.