निवेदक पकडला जातो तो असा

कथेतला ‘मी’ खोटं बोलत असेल तर वाचकाला कळायचं कसं? दुसरा साक्षीदार नसतो, कागदावर असतात ती त्याचीच वाक्यं. आणि गंमत अशी की तीच फितूर होतात.

परभणीकडच्या एखाद्या गावातली ही चार वाक्यं बघा. नमुन्यापुरती मीच रचली आहेत: “धाकट्याला मी कधी काही कमी पडू दिलं नाही. औंदा कापूस मोंढ्यात घातला, तव्हा पट्टीतले दोन हजार त्याच्या हातावर ठेवले. तो काही बोलला नाही. त्याचा स्वभावच तसा, घुमा.”

वरवर पाहता मायाळू थोरला भाऊ. आता नुसते शब्द धरून चला. भावाला त्याचा हिस्सा देतात. हातावर ठेवतात ते सालगड्याच्या. दोन हजारांचा आकडा थोरल्याच्या तोंडपाठ आहे, पट्टी एकूण कितीची झाली ते मात्र त्यानं गिळलं. कापूस वेचला कुणी, याचा तर उल्लेखच नाही. आणि शेवटची जागा तर अफलातून! ‘बोलला नाही’ ही घडलेली गोष्ट, ‘स्वभावच तसा’ हा थोरल्यानं स्वतःच्या सोयीनं लावलेला अर्थ. एका दमात त्यानं दोन्ही सांगून टाकलं.

म्हणजे थोरला लबाड? एवढ्या पुराव्यावर नाही. व्यवहार त्याच्या हाती आहे आणि भाऊ गप्प का, हे त्याला विचारायचं नाही, इतकंच ठरतं. (परीक्षेत आपण ‘निवेदक स्वार्थी आहे’ असं लिहून मोकळे होतो.) आता समजा, पाचवं वाक्य आलं: “त्या रात्री मला मात्र झोप लागली नाही.” आधीचं एक अक्षरही हललं नाही, तरी बढाई होती तिथं सारवासारव ऐकू येऊ लागते. माणूसच बदलला!

दिवाकरांनी ब्राउनिंगच्या नाट्यात्म कवितांपासून स्फूर्ती घेऊन १९११ च्या सुमारास नाट्यछटा लिहायला घेतल्या, त्या याच बळावर. बोलणारा एकच, समोरच्याचं बोलणं त्याच्या उत्तरांवरून ताडायचं, आणि तेवढ्यात बोलणाराच उघडा पडतो.

परभणीला कथेची परंपरा जुनी. बी. रघुनाथ इथलेच, १९५३ साली, उण्यापुऱ्या चाळिशीत गेले. सेलू तालुक्यातल्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यांतली कुठलीही कथा उघडलीत, तर ‘मी’ नसला तरी निवेदकाचा माग सोडू नका. तो कोणाच्या मनात शिरतो आणि कोणाला नुसता बाहेरून न्याहाळतो? कोणाला नावानं हाक मारतो, आणि कोणाला ‘तो माणूस’ म्हणून वाटेला लावतो? सांगणाऱ्यानं बाजू घेतलेली असते, ती अशाच ठिकाणी सापडते.