नगरजीवनाची समाजशास्त्रीय अध्ययने

एखादे लहान वा मध्यम आकाराचे नगर हा एक संपूर्ण समाज मानून तेथील लोकांच्या दैनंदिन जीवनाचे प्रत्यक्ष वास्तव्य, निरीक्षण, मुलाखती व स्थानिक कागदपत्रे यांच्या आधारे केलेले अध्ययन. आदिवासी समाजांसाठी मानवशास्त्रज्ञांनी वापरलेली पद्धती स्वतःच्या समाजास लावण्याचा हा प्रयत्न मोठ्या प्रमाणावर प्रथम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला.

रॉबर्ट लिंड व हेलन लिंड या दांपत्याने १९२४-२५ मध्ये इंडियाना राज्यातील मन्सी या औद्योगिक नगरात राहून मिडलटाउन (१९२९) हा ग्रंथ सिद्ध केला. उपजीविका, घरसंसार, मुलांचे शिक्षण, फुरसत, धर्माचरण व सार्वजनिक व्यवहार या सहा अंगांनी त्यांनी नगराची पाहणी केली आणि १८९० च्या सुमाराची स्थिती तुलनेसाठी घेतली. माणूस पहाटे केव्हा उठतो येथपासून तो कोणत्या चर्चमध्ये जातो येथपर्यंत सर्व गोष्टी तो व्यवसायी वर्गातील आहे की कामगार वर्गातील, यावर अवलंबून असल्याचे त्यांना आढळले. मंदीच्या काळात केलेल्या पुनर्पाहणीवरील ग्रंथात (१९३७) नगरातील एका धनाढ्य कुटुंबाच्या सर्वव्यापी प्रभावाची चर्चा आहे. पहिल्या ग्रंथात ती जवळजवळ नव्हती. मात्र मन्सीतील कृष्णवर्णीय रहिवाशांना लेखकांनी मुख्य पाहणीतून हेतुपुरस्सर वगळले होते. ही उणीव भरून काढणारा ग्रंथ त्याच समाजाच्या सहकार्याने २००४ मध्ये तयार झाला. तोवर ‘प्रातिनिधिक अमेरिकन नगर’ म्हणून जगाने जे वाचले, ते श्वेतवर्णीयांचे मन्सी होते.

लॉइड वॉर्नर याने मॅसॅचूसेट्समधील न्यूबरीपोर्टचे सहा सामाजिक स्तरांत विश्लेषण केले. जॉन डॉलर्ड याने मिसिसिपीमधील नगराच्या अध्ययनात (१९३७) गोरे व काळे यांच्यातील भेदासाठी ‘जात’ ही भारतीय समाजावरून सुचलेली संज्ञा वापरली. ऑलिव्हर कॉक्स याने १९४८ मध्ये या प्रकारच्या उपयोगावर कठोर टीका केली. व्हिडिच व बेन्समन यांच्या न्यूयॉर्क राज्यातील गावाविषयीच्या ग्रंथाने (१९५८) वेगळाच वाद उद्भवला. टोपणनावे दिलेली असूनही गावकऱ्यांनी एकमेकांना ओळखले व आपला विश्वासघात झाल्याची त्यांची भावना झाली.

महाराष्ट्रात या प्रकारच्या अध्ययनाची परंपरा जुनी आहे, पण तिचा कल निराळा आहे. टॉमस कोट्स याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याजवळील लोणी गावाचे वर्णन लिहिले, गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाची पुनर्पाहणी १९६० मध्ये प्रसिद्ध केली. धनंजयराव गाडगीळ यांचे पुण्याचे सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण (१९४५ व १९५२) आणि सोवनी व त्यांचे सहकारी यांची पुणे व कोल्हापूर येथील सर्वेक्षणे यांत रोजगार, मिळकत, कुटुंब व घरे यांचे काटेकोर मापन आहे. रोजच्या जगण्याची चव त्यांत अल्पच उतरते. इरावती कर्वे व जयंत रणदिवे यांचा फलटण व भोवतालच्या खेड्यांवरील ग्रंथ (१९६५) नगर आणि त्याचा परिसर यांचे परस्परसंबंध हाच विषय करतो, म्हणून तो विशेष महत्त्वाचा.

फलटणचा हा दृष्टिकोन मराठवाड्यातील जालन्यासारख्या नगरास विशेष उपयुक्त ठरेल. कुंडलिका नदीने जालना व कादराबाद अशा दोन भागांत विभागलेले हे गाव १९०० मध्ये लोहमार्गाने जोडले गेले, १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि १ मे १९८१ रोजी नव्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. ‘जालना सोने का पालना’ ही येथील म्हण मराठीत नाही, बाजारातल्या हिंदुस्थानीत आहे, हेही अभ्यासकाने ध्यानात घ्यावे. येथे उपजीविकेचे अंग नगराच्या सीमेत मावत नाही. मोंढ्यातील कापूस व धान्य खेड्यांतून येते. लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांत उत्तर भारतीय कामगार काम करतात. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापन केलेल्या कंपनीमुळे जालना बियाण्यांचे केंद्र बनले. परंतु संकरित कापसाच्या बियाण्यासाठी प्रत्येक फुलातील पुंकेसर हाताने काढून परागण करावे लागते, आणि हे काम शेतांत बहुधा स्त्रिया व मुली करतात. नगराच्या समृद्धीची पाहणी केवळ नगरातील घरांवरून केल्यास त्यांची गणना होत नाही.

पाहणीच्या ऋतूचाही परिणाम होतो. जिल्ह्याच्या खेड्यांतील अनेक कुटुंबे उसाच्या गळीत हंगामात, साधारणतः नोव्हेंबर ते मार्च, पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे तोडणीस जातात. २०११ च्या जनगणनेतील मुख्य गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, म्हणजे नेमक्या याच हंगामात झाली. या महिन्यांत घरोघर जाणाऱ्या पाहणीकाराला वृद्ध व काही शाळकरी मुले भेटतात. आईबाप उसाच्या फडात असतात. अशी कुटुंबे पावसाळ्यात गावी परतल्यावर तेथेच पाहणी केली, तर मुकादमाची उचल, किराणा दुकानातील उधारी, मुलांची तुटलेली शाळा आणि मोंढ्याशी असलेला त्यांचा व्यवहार हे सर्व एकाच घरी नोंदवता येते.