बंद ठेवलेले डिझेल इंजिन सुरू करताना घ्यावयाची काळजी

कवठे येमाई (ता. शिरूर) परिसरात पाऊस चांगला झाला, की विहिरीवरील डिझेल इंजिन काही महिने बंद राहते. या काळात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरते. सिलिंडर, बेअरिंग कोरडे पडतात. इंजिन एकदम सुरू केल्यास ऑइल पोहोचण्याआधीच त्यांची झीज होते.

• डिपस्टिकने ऑइल तपासावे. दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरलेले असते. सुरू न करता कारण शोधून ऑइल बदलावे.
• एअर क्लीनर व सायलेन्सरमध्ये उंदीर, गांधीलमाशीचे घर नाही ना, पाहावे.
• डिझेल बंद ठेवून, डीकॉम्प्रेशन लिव्हर उचलून हँडलने इंजिन १५ ते २० वेळा सावकाश फिरवावे. अडकल्यास जोर लावू नये. पिस्टन रिंगा गंजाने धरलेल्या असू शकतात. मेकॅनिकला दाखवावे.
• टाकीच्या तळाचे पाणी, गाळ काढून ताजे डिझेल भरावे. फिल्टरमधील हवा काढावी.
• पंपात पाणी भरूनच इंजिन सुरू करावे. पाच मिनिटे कमी वेगावर चालवून मगच वेग वाढवावा.
• शेडची दारे उघडी ठेवावीत. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग, वास नसतो. बंद खोलीत तो जीवघेणा ठरतो.