शटर कोण दाबतं?

गावठाणात घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा आखतात आणि मग ड्रोन उडतो. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत या मोजणीचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी अशाच मोजणीसाठी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. अशा उड्डाणात फोटोचं बटण कोणी माणूस दाबत नाही. ते काम ऑटोपायलटचं.

तो घड्याळ बघत नाही, अंतर मोजतो. समजा, १२० मीटर उंचीवरून एका फोटोत उड्डाणाच्या दिशेने ८० मीटर जमीन मावते. लागोपाठच्या फोटोंत ८० टक्के भाग सामाईक हवा, तर दर १६ मीटरला शटर उघडलं पाहिजे. समोरून वारा आला, वेग मंदावला, तरी हे अंतर बदलत नाही. ठरावीक सेकंदांनी फोटो घेतले असते तर ते कुठे दाट, कुठे विरळ पडले असते.

अकोले तालुक्यात खरी परीक्षा चढाची. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीसारख्या गावी उड्डाणस्थळापेक्षा उतार ६० मीटर वर चढला, की त्याच फोटोत निम्मीच जमीन येते आणि सामाईक भाग ६० टक्क्यांवर घसरतो. म्हणून जमिनीच्या उंचीची माहिती आधीच ऑटोपायलटला देणं इथे फार मोलाचं.

आणखी एक नाजूक जागा: आज्ञा सुटणं आणि शटर उघडणं यांतला क्षण. सेकंदाला ८ मीटर वेग असेल, तर एक दशांश सेकंदाच्या उशिरात ड्रोन ८० सेंटिमीटर पुढे सरकतो. शेजाऱ्यांच्या भिंतीची हद्द ठरवताना एवढी चूक परवडत नाही. त्यामुळे चांगल्या यंत्रणेत कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या खाचेतून उलट संकेत येतो आणि शटर उघडल्याची नेमकी वेळ नोंदली जाते.