पंच विकला गेला, या आरोपाविषयी

व्यावसायिक फुटबॉलमध्ये वादग्रस्त निर्णय यजमान संघाच्या पदरात पडला की ‘पंच विकला गेला’ असा आरोप तत्काळ होतो, आणि पक्षपात म्हणजे लाचखोरीच हा गैरसमज इतका रुळला आहे की पुरावे मांडूनही तो हटत नाही. गैरव्यवहार घडलेच नाहीत असे नव्हे. जर्मनीत रॉबर्ट हॉयझर या पंचाला सामने फिरवल्याबद्दल २००५ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. परंतु रोजच्या सामन्यांत आढळणारा पक्षपात अशा प्रकरणांनी उलगडत नाही.

गारिकानो, पालासिओस-ह्युर्ता आणि प्रेंडरगास्ट या अर्थशास्त्रज्ञांनी स्पेनच्या ला लिगातील भरपाईचा वेळ, म्हणजे दुखापती व खेळाडू-बदल यांत वाया गेलेल्या वेळेपोटी पंच स्वतःच्या अंदाजाने वाढवून देतो तो वेळ, तपासला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार यजमान एका गोलने मागे असताना तो सुमारे चार मिनिटे, तर एका गोलने पुढे असताना सुमारे दोनच मिनिटे मिळत होता. पाहुणा संघ आघाडी राखण्यासाठी वेळकाढूपणा करतो म्हणून असे होते, हा आक्षेप टिकत नाही, कारण आघाडीवरचा यजमानही तेच करतो आणि तरीही सामना लवकर संपतो.

इतके सारे पंच विकले गेले होते काय? इंग्लंडमधील नेव्हिल, बामर आणि विल्यम्स यांच्या २००२ च्या प्रयोगात ४० पंचांना एकाच सामन्यातील ४७ झटापटींचे चित्रीकरण दाखवण्यात आले, तेव्हा प्रेक्षकांच्या आवाजासह ते पाहणाऱ्यांनी आवाजाविना पाहणाऱ्यांपेक्षा यजमानांविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. या पंचांना कोणी दमडीही दिलेली नव्हती. त्यांच्या कानांवर फक्त गर्दीचा आवाज पडत होता. इटलीत २००७ मध्ये कटानिया येथील दंगलीनंतर काही सामने रिकाम्या मैदानांत झाले, तेव्हा यजमानांना मिळणारे झुकते मापही बरेच घटल्याचे पेटरसन-लिडबॉम आणि प्रिक्स यांना आढळले. म्हणजेच हा कल बहुतांशी नकळत येणारा असून प्रामाणिक पंचही त्यातून सुटत नाही.

एखाद्या संघाला पेनल्टी अधिक मिळाल्या एवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही, कारण प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात जो संघ अधिक काळ खेळतो त्याला त्या साहजिकच अधिक मिळतात. चित्रफीत पाहून निर्णय तपासणाऱ्या ‘व्हीएआर’ यंत्रणेने पक्षपात संपला, हेही खरे नाही, कारण ती गोल, पेनल्टी, लाल कार्ड अशा मोजक्या निर्णयांपुरतीच आहे आणि भरपाईचा वेळ किती द्यायचा हे आजही पंचच ठरवतो.