रात्र मोजणारं सोयाबीन आणि घरातला दिवा

वाशीम जिल्ह्यात मिरगाने दगा दिला की सोयाबीनची पेरणी लांबते. जूनच्या मध्यात पेरलेलं शेत आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलेलं शेत यांच्यात तीन-चार आठवड्यांचं अंतर पडतं, पण फुलोरा येईपर्यंत ते बरंच मिटत आलेलं असतं. उशिराचं झाड खुजं राहतं, फांद्या कमी धरतं आणि घाईने फुलतं. काही वाणांत हे जास्त दिसतं, काहींत कमी. शेतकऱ्याला यात नवल वाटत नाही. मला मात्र वाटतं, कारण महिना कोणता चाललाय हे त्या झाडाला कुणी सांगितलं?

हे कोडं सुटलं तेही सोयाबीनवरच. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलार्ड ‘बिलॉक्सी’ नावाचं सोयाबीन थोड्या थोड्या दिवसांनी पेरत गेले. झाडांची वयं वेगवेगळी, पण फुलं सगळ्यांना साधारण एकाच सुमारास, सप्टेंबरात. मग त्यांनी भर उन्हाळ्यात कुंड्या ऊन असतानाच एका छोट्या अंधाऱ्या खोपटात ठेवायला सुरुवात केली. दिवस असा मुद्दाम तोकडा केल्यावर झाडं वेळेआधीच फुलली. १९२० साली त्यांनी हे छापलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवलं की अशी झाडं खरं तर दिवस मोजत नाहीत, सलग अंधार मोजतात. रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला की त्यांचा हिशेब फिसकटतो.

वाशीम २० अंश उत्तर अक्षांशावर. इथला सगळ्यांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सगळ्यांत लहान अकरा तासांच्या जवळ. एवढ्याशा फरकावर पीक आपलं पंचांग चालवतं. गावाबाहेरच्या पथदिव्याला लागून कुणाचं सोयाबीन असेल तर सप्टेंबरअखेर धुऱ्यावरून बघा. बाकी शेत पिवळं पडून पानगळ होत असते, तेव्हा दिव्याच्या टप्प्यातली झाडं हिरवीगार राहण्याचा संभव असतो. जगभर हे नोंदलं गेलं आहे. लांबून वाटतं खत जास्त पडलं. जवळ जाऊन पानाच्या बगलेत बघितलं की शेंगा अजून भरायच्या असतात. त्या झाडांना रात्र कधी पुरी मिळालेलीच नसते.

अंधार मोजणारं यंत्र पानातच असतं. फायटोक्रोम नावाचं निळसर रंगद्रव्य, आणि त्याची दोन रूपं. ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश त्याला एका रूपात ढकलतो, ७३० च्या आसपासचा अतिलाल प्रकाश परत आणतो. १९५२ साली बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटाने लेट्यूसच्या भिजवलेल्या बियांवर लाल, अतिलाल, पुन्हा लाल असे झोत आलटून पालटून टाकले. शेवटचा झोत लाल असेल तर बी रुजायचं, अतिलाल असेल तर बहुतेक झोपून राहायचं. मधले सगळे झोत पुसले जायचे! एवढ्याशा बियांत चालू-बंदचं बटण.

आज घरातल्या रोपांसाठी जे एलईडी ग्रो लाइट विकले जातात, त्यांतले लाल ठिपके बहुधा याच ६६० चे असतात. हरितद्रव्यही लाल आणि निळा भाग आवडीने शोषतं, म्हणून सुरुवातीचे दिवे जांभळे निघाले. पण १९७२ मध्ये मॅक्री यांनी अनेक पिकांची पानं एकेका रंगाच्या प्रकाशात तपासली, तेव्हा हिरवा प्रकाशही चांगलाच कामाला येतो असं दिसलं. तेव्हा जांभळ्याचा हट्ट नको. माझं मत विचाराल तर घरात पांढराच दिवा घ्या. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की नाही हे कळत नाही, आणि मावा तर दिसतच नाही. पांढरा एलईडी म्हणजे आतून निळाच दिवा, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिलेला. झाडाला हवा तो निळा भाग त्यात आयताच येतो.

दुकानात गोंधळ होतो तो खोक्यावरच्या आकड्यांनी. ल्युमेन हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत तल्लख. ६६० चा लाल त्याला त्याच्या सहा टक्क्यांएवढाही जेमतेम जाणवतो. आपल्याला मिणमिणता वाटणारा लाल दिवा पानासाठी पोटभर असू शकतो. पानाला मोजायचे असतात प्रकाशकण, आणि तेही मायक्रोमोलमध्ये. एक मायक्रोमोल म्हणजे सुमारे ६० कोटी अब्ज कण. भर दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर दर सेकंदाला असे २००० च्या आसपास मायक्रोमोल कोसळत असतात. मे महिन्यातल्या निरभ्र दिवसाची बेरीज चाळीस-पन्नास मोलच्या घरात जाते.

आता घरातला हिशेब करू. साधा ९ वॅटचा एलईडी बल्ब रोपापासून फूटभर वर टांगला, तर पानावर पडतात साधारण वीस मायक्रोमोल. चौदा तास जळला तरी दिवसाची कमाई एक मोल. मनीप्लांट त्यात तग धरेल, पण कोथिंबीर-मेथीला बारा-पंधरा मोल लागतात. ती काडीसारखी उंच वाढून कलंडते, आणि आपण बियाण्याला दोष देतो. तोच बल्ब अर्ध्या फुटावर आणला की प्रकाश जवळपास चौपट. म्हणून सुधारणा करायची तर पहिली सुधारणा फुकटची आहे: दिव्याची दोरी खाली सोडा. मोबाइलमधलं लक्स मोजणारं अ‍ॅप पानाच्या उंचीवर धरा आणि पांढऱ्या एलईडीसाठी आकड्याला सत्तरने भागा. आलेला अंदाज ढोबळ, पण खोक्यावरच्या जाहिरातीपेक्षा बरा.

त्यानंतरही नवा दिवा घ्यायचाच असेल तर ‘१००० वॅटच्या तोडीचा’ या वाक्याकडे ढुंकूनही बघू नका. तो प्रत्यक्षात किती वॅट खेचतो आणि एका ज्यूलमागे किती मायक्रोमोल देतो, एवढंच विचारा. अडीचच्या पुढे असेल तर चांगला. आकडा सांगायला दुकानदार कां-कूं करू लागला तर पुढच्या दुकानात चला. मागे अ‍ॅल्युमिनियमची जाड पाठ हवी, कारण उष्णतेने एलईडी लवकर मंदावतात, आणि आपल्याकडचा मे महिना त्यांना काही सवलत देत नाही.

दिव्याइतकाच महत्त्वाचा टायमर. काटे फिरवून लावायचा स्वस्त टायमर लाइन गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालू लागतो. दोन तास लाइन गेली की झाडाची रात्र दोन तासांनी सरकते. मनीप्लांटला त्याचं काही नाही. पण गेल्या काही वर्षांत वाशीमच्या रब्बीत शिरलेला चिया घ्या. तोही लहान दिवसाचा, म्हणूनच ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरल्यावर इथे नीट फुलतो. कुंडीतल्या चियाला रोज सोळा तास दिवा दिला तर तो नुसती पानं काढत बसेल. बारा तासांवर आणा, रात्र अखंड ठेवा, मग तुरे दिसू लागतील. शेवंतीचंही तसंच. ड्रॅगन फ्रूटचं नेमकं उलट, त्याला मोठा दिवस हवा. म्हणून काही बागायतदार हिवाळ्यात बागेत रात्री बल्ब पेटवून अवेळी फुलं घेतात. त्यांचे दिवे झाडाला जेवू घालत नाहीत, फक्त रात्र कापतात. त्यामुळे तिथे साधे बल्बही चालतात.

राहिला खर्च. ३० वॅटचा दिवा रोज चौदा तास म्हणजे महिन्याला साडेबारा युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर सव्वाशे रुपये. एवढ्या पैशात बाजारातून महिनाभराची कोथिंबीर सहज येईल, तेव्हा तिच्यासाठी हा खटाटोप करू नका. मिरची-वांग्याची रोपं श्रावणातल्या ढगाळ दिवसांत तयार करायची असतील, किंवा उत्तरेच्या खिडकीत तुळस जगवायची असेल, तर दिवा आपले पैसे फेडतो.